घराच्या दुरुस्तीत भिंतीतून स्पीकरची वायर : पाइप, झिरी, जाडी (लातूर)

मांजराकाठ
लातुरात जुन्या घराचं काम काढलंय. हॉलचा गिलावा पाडून झाला, पुढच्या आठवड्यात लाइटच्या झिऱ्या (पाइपासाठी भिंतीत कापायच्या खाचा) मारणार. त्याच हाताने स्पीकरच्या वायरीही भिंतीत घालून घ्याव्यात म्हणतो.

हॉल १८ × १२ फूट, उंची १० फूट, वर आरसीसी स्लॅब. टीव्ही १२ फुटी भिंतीवर. टीव्हीची आणि डावीकडची भिंत ९ इंची, उजवीकडची साडेचार इंची, तिच्या पलीकडे स्वयंपाकघर. मागची ओसरी मात्र जुनीच आहे : दोन फुटी दगड-मातीच्या भिंती, वर माळवद (लाकडी तुळयांवरचं मातीचं छत). ओसरीत देवघर आहे आणि सकाळचं भजन तिथेही ऐकू यावं अशी आईची अट आहे. ॲम्पपासून (ॲम्प्लिफायरपासून) तिथवर वायर ३५ मीटर तरी जाईल.

आत्ता ५.१ (पाच स्पीकर आणि बाससाठी एक सबवूफर), छतातले दोन स्पीकर पुढे कधीतरी. ॲम्प टीव्हीखाली. फॉल्स सिलिंग स्लॅबच्या ६ इंच खाली येणार. वायर किती जाड घ्यावी, पाइप कोणता, आणि वायरमन म्हणतो लाइटच्याच पाइपातून नेऊ, ते चालेल का?

जुना_वायरमन
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. चालणार नाही.

लाइटच्या पाइपात २३० व्होल्ट असतात. स्पीकरच्या वायरीचं आवरण तेवढ्या दाबासाठी केलेलं नसतं. ओढताना फेजची वायर बेंडवर घासली, आवरण सोललं आणि शेजारच्या स्पीकर वायरीला टेकली, की ॲम्पच्या टर्मिनलवर आणि स्पीकरमागच्या उघड्या तांब्यावर थेट मेन्स येतो. म्हणून पाइप वेगळा, बॉक्सही वेगळा. एकाच धातूच्या बॉक्समध्ये अर्ध्यात सॉकेट आणि अर्ध्यात स्पीकरची प्लेट हेही नको.

लाइटचा पाइप समांतर जात असेल तर मध्ये १ फूट अंतर ठेवा. ओलांडायचाच असेल तर काटकोनात ओलांडा, तिरपा नको.

दुधनाकाठ
लई ताप करून घ्यायलात राव. आता वायरलेस स्पीकर मिळायलेत की सगळीकडं. भिंत कशाला फोडायलात?

गोदाकाठ_एव्ही
दुधनाकाठ, वायरलेस सराउंडला (बाजूच्या-मागच्या स्पीकरना) सिग्नलची वायर लागत नाही, पण लाइट लागतेच. प्रत्येक स्पीकरमागे ६ अँपिअरचं सॉकेट हवं, म्हणजे झिरी मारायचीच आहे. आणि वायरलेस मागचे स्पीकर बहुतेक वेळा त्याच कंपनीच्या साउंडबारशी बोलतात, दुसऱ्याच्या ॲम्पशी नाही. गिलावा लागलेला असता तर मीही वायरलेसच म्हटलं असतं. इथे वीट उघडी आहे. असा मोका पुन्हा दहा-पंधरा वर्षं येत नाही.

मांजराकाठ, तरीही सराउंडच्या जागी स्वतंत्र पाइपातून एक सॉकेट काढूनच ठेवा. पुढे पॉवर्ड (आतच ॲम्प असलेला) स्पीकर आला तर उपयोगी पडेल.

ओहमचा_भाचा
जुना_वायरमन काकांच्या पहिल्या मुद्द्याशी १०० टक्के सहमत. अंतराबद्दल थोडी भर घालतो, कारण लोक भलत्याच गोष्टीला घाबरतात. स्पीकरच्या वायरीत प्रवाह मोठा आणि इम्पीडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) कमी असतो. शेजारून लाइटची वायर गेली म्हणून तिच्यात गुणगुण शिरणं जवळजवळ होत नाही. १ फूट अंतर ठेवा, पण ते मुख्यतः सुरक्षिततेसाठी. उपद्रव होतो तो सबवूफरच्या सिग्नल केबलला. तिथे पातळी कमी असते आणि पुढे ॲम्प्लिफायर ते सगळं वाढवून ऐकवतो.

सबला टीव्ही डिशची आरजी-६ कोॲक्स केबल चालते, दोन्ही टोकांना आरसीएची पिन लावायची. त्या केबलच्या आतली तार बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी असते. सबच्या इनपुटला त्याने काही बिघडत नाही, कारण तिथे प्रवाह नगण्य असतो.

तरीही गुणगुण आलीच तर ती सहसा अर्थिंगच्या फेऱ्यामुळे असते : सब एका सर्किटवर, ॲम्प दुसऱ्यावर, वर डिशची केबल गच्चीवरून तिसरंच अर्थिंग घेऊन आलेली. उपाय म्हणजे सबचं सॉकेट ॲम्पच्याच सर्किटवरून काढणं. थ्री-पिनची अर्थिंगची पिन कापून गुणगुण थांबवणारे महाभाग आहेत, तसलं काही करू नका.

जुना_वायरमन
अर्थिंगवरून आठवलं. काळ्या रानात एप्रिल-मेमध्ये जमीन भेगाळते, अर्थिंगच्या पाइपापासून माती सुटते. खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी जाऊ द्या. कोळसा-मीठ भरलेल्या जुन्या खड्ड्याला तर हवंच.

मांजराकाठ
वेगळा पाइप, ठरलं. वायरीची जाडी? दुकानदार १६ गेज, १४ गेज म्हणतो आणि वायरमन दीड, अडीच म्हणतो.

ओहमचा_भाचा
दोघंही एकच सांगतात, मापं वेगळी आहेत. १६ गेज म्हणजे १.३ चौरस मिमी, १४ म्हणजे २.१, १२ म्हणजे ३.३. आपल्याकडे दीड, अडीच, चार सहज मिळतात, तेवढंच धरून चाला.

हिशोब असा करायचा. वायरीचा जाऊन-येऊन रोध स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा. बारीक तारांच्या लवचीक तांब्याच्या वायरीचा जाऊन-येऊन रोध मीटरला साधारण इतका :
१ चौ. मिमी : ०.०३९ ओहम
दीड : ०.०२७
अडीच : ०.०१६
चार : ०.०१०

८ ओहमच्या स्पीकरला ०.४ ओहमपर्यंत मुभा. म्हणजे एका दिशेचं अंतर दीडला १५ मीटर, अडीचला २५, चारला ४०. ६ ओहमच्या स्पीकरला दीडचं ११ मीटर, अडीचचं १८-१९. ४ ओहमला दीड ७ मीटरवरच संपते, अडीच १२ पर्यंत जाते.

५ टक्क्यांचा अर्थ आवाजात सुमारे ०.४ डेसिबलचा तोटा. तेवढा कानाला कळत नाही. खरी अडचण अशी की स्पीकरचा इम्पीडन्स सगळ्या स्वरांना सारखा नसतो. पाटीवर ८ लिहिलेला स्पीकर कुठे ५-६ वर उतरतो, कुठे ३० वर चढतो. वायर बारीक असेल तर काही स्वर जास्त दबतात, काही कमी, आणि आवाजाचा पोतच बदलतो. मर्यादेच्या आत आलात की पुढे जाड वायरीला पैसे घालून काही मिळत नाही, सोन्याचा मुलामा दिला तरी.

गोदाकाठ_एव्ही
जागा ठरल्याशिवाय मीटर निघत नाहीत, म्हणून त्या खोलीचं माप मांडतो.

बसायची जागा टीव्हीच्या भिंतीपासून ११ फुटांवर धरली. पुढचे डावा-उजवा मधल्या रेषेपासून २२ ते ३० अंशांत हवेत. ३० अंशाला दोघांत पावणेतेरा फूट अंतर लागतं, तुमची भिंतच १२ फूट. म्हणून ९ फूट अंतर ठेवा, कोन २२ अंश येतो आणि दोन्ही कोपऱ्यांत दीड-दीड फूट मोकळं राहतं. कोपऱ्यात कोंबलेला स्पीकर बास फुगवतो.

सराउंड बाजूच्या भिंतींवर, बसणाऱ्याच्या थोडे मागे, ११० अंशांना. तुमच्या रुंदीला म्हणजे कानाच्या रेषेमागे २ फूट, टीव्हीच्या भिंतीपासून १३ फूट. उंची कानाच्या २ फूट वर. सोफा असेल तर कान ३९-४० इंचांवर येतो, म्हणजे सराउंड सव्वापाच फुटांवर. पण गादी-तक्क्याची बैठक करणार असाल तर कान ३० इंचांवर येतो आणि सगळीच उंची पाऊण फूट खाली घ्यावी लागते. बॉक्स बसवण्याआधी घरात हे ठरवून घ्या, झिरी भरल्यावर फर्निचरवाल्याने ठरवलेलं उपयोगाचं नाही.

आता वायर. ॲम्पचा बॉक्स दीड फुटावर. तिथून वर छताला साडेआठ फूट, आडवं ६, मागे १३, खाली पावणेपाच. बेरीज ३२ फूट, दोन्ही टोकांना मिळून साडेचार फूट शिल्लक धरा. म्हणजे ३७ फूट, सव्वाअकरा मीटर. १२ म्हणा. पुढचे दोन फरशी उखडणारच असाल तर फरशीखालून ४-४ मीटर, सेंटरला २. छताचे ९-९. एकूण ५२ मीटर. ९० मीटरचं एक बंडल घेतलं की ओसरीच्या ३५ मीटरलाही पुरतं, पण मग तीनच मीटर उरतात, एकही कापणी चुकवून चालणार नाही.

१२ मीटरला दीडचा रोध ०.३२ ओहम. ८ ओहमला चालेल, ६ ओहमला जेमतेम बाहेर जातं. स्पीकर अजून घेतलेले नाहीत, म्हणून सरसकट अडीच घ्या.

मांजराकाठ
पारदर्शक आवरणाची स्पीकर केबल घेऊ, की घरची लाल-काळी अडीचची वायर? घरची स्वस्त पडते.

जुना_वायरमन
वीज कुठलीही वायर ओळखत नाही, तांबं ओळखते. अडीचची एफआर (सहज पेट न घेणाऱ्या आवरणाची) वायर स्पीकरला उत्तम. पारदर्शक आवरणाच्या स्वस्त केबलीत काही वर्षांनी तांबं हिरवं पडतं, घरच्या वायरीला तो त्रास क्वचितच होतो. अडचण एकच : लाल-काळी दिसली की पुढचा वायरमन तिला लाइटची समजणार. कुणीतरी तिच्यावर पंखा जोडून टाकायचा. म्हणून घरात लाइटला न वापरलेला रंग घ्या, पांढरी आणि करडी मिळाली तर बघा. दर बॉक्सात 'स्पीकर' अशी चिठ्ठी गुंडाळून टेप मारा.

लक्षात ठेवा, सुट्या दोन वायरी असतील तर एका जोडीला दोन बंडलं लागतात, एक-एक रंगाचं. गोदाकाठ यांचं ९० मीटरचं गणित दोन कोरच्या केबलचं आहे.

गोदाकाठ_एव्ही
बरोबर काका, ते स्पष्ट लिहायला हवं होतं.

बाजारातल्या स्वस्त स्पीकर केबलबद्दल मात्र सावध. बंडलावर 'सीसीए' लिहिलेलं असेल तर ते ॲल्युमिनियम आहे, वरून तांब्याचा मुलामा. रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. काही बंडलांवर तर लिहिलेलंच नसतं. ब्लेडने एक तार खरवडा : आत चंदेरी निघाली तर ॲल्युमिनियम. बंडल हातात घेतल्यावर हलकं वाटतं तेही खरं, पण तुलनेला दुसरं बंडल लागतं. आणि चंदेरी दिसलं म्हणून लगेच भांडू नका, कथिलाचा मुलामा दिलेलं तांबंही बाहेरून चंदेरी असतं. खरवडून आतला रंग पाहा.

ओहमचा_भाचा
दुकानातच मीटरने सोक्षमोक्ष लावता येतो. मल्टिमीटर सोबत न्या. आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून आकडा पाहा, ०.२ ते ०.५ येतो. तो मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध, पुढच्या आकड्यातून वजा करायचा. मग बंडलाच्या एका टोकाला दोन्ही कोर पिळून जोडा आणि दुसऱ्या टोकाला मोजा. ९० मीटरच्या पूर्ण बंडलाला अडीचचा आकडा १.४५ ओहमच्या आसपास, दीडचा २.४. हे २० अंशांचे आकडे. मे महिन्यात ४० अंशांच्या दुकानात तांब्याचा रोध सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे १.५५ आणि २.६. अडीचच्या बंडलाला २.२ दिसलं तर एक तर ॲल्युमिनियम आहे किंवा वायर सांगितल्यापेक्षा बारीक आहे. दोन्हींत तोटा तुमचाच, म्हणून कुठलं ते शोधत बसायचं कारण नाही.

लिंटेल
वायरीवर बरंच झालं, भिंतीकडे कुणी बघितलं नाही. या घरात तीन प्रकारच्या भिंती आहेत आणि तिन्हींचे नियम वेगळे.

९ इंची विटेची भिंत : उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी एक षष्ठांशापेक्षा. २३० मिमीला उभी ७६, आडवी ३८. खोली विटेच्या तोंडापासून मोजा, गिलाव्यापासून नाही. २५ मिमीचा पाइप विटेत २८-३० मिमी आत बसवला की त्यावर गिलाव्याचे १२-१५ मिमी पूर्ण मिळतात. म्हणजे इथे उभी झिरी सुखाची, आडवी काठावर.

साडेचार इंची : ११५ मिमीला उभी ३८, आडवी १९. आडव्या झिरीत पाइप बसणारच नाही. बसवला तर त्या रेषेवर भिंत अर्धी कापल्यासारखी होते. उजव्या बाजूला पाइप फॉल्स सिलिंगमधून आणा आणि फक्त सरळ खाली उतरा, तोही २० मिमीचा. एका स्पीकरच्या वायरीला २० पुरतो. त्या भिंतीवर छन्नी-हातोडा नको. कटरने दोन समांतर रेघा मारा, साधारण १ इंच अंतरावर, मग मधला भाग हलक्या हाताने काढा. हातोड्याने विटेचा सांधा सुटतो आणि स्वयंपाकघराच्या टाइल्स पलीकडे पोकळ वाजायला लागतात.

बॉक्सचंही तेच. ५० मिमी खोल धातूचा बॉक्स आणि नेमका त्याच्या पाठीमागे स्वयंपाकघराचा बॉक्स आला, तर मध्ये १५ मिमी उरतं. दोन्हींत किमान एक फूट सरक ठेवा.

दगड-मातीची भिंत : झिरी मारायचीच नाही. बाहेरचे दगड, आतले दगड आणि मध्ये मातीची भर अशी ती असते. एक दगड हलला की आजूबाजूचे चार सैल होतात. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंती वरच्या माळवदाच्या वजनाखाली कोसळल्या होत्या. दोन्ही बाजूंना जोडणारे लांब दगड नसणं आणि डोक्यावर टनावारी पांढरी माती असणं, ही त्यामागची मुख्य कारणं. ती भिंत आज उभी आहे तशीच राहू द्या.

आणि सगळीकडे लागू : कॉलम, बीम, स्लॅब आणि दारा-खिडक्यांवरून फिरणारा सलग काँक्रीटचा पट्टा यांना हात लावायचा नाही. मिस्त्री 'थोडंच कापतो, ताई' म्हणतो आणि कटर लागलं की गज उघडा पडतो.

मांजराकाठ
लिंटेलताई, धन्यवाद, आडव्या झिरीचं कुणीच सांगितलं नव्हतं. उजवीकडे मी सरळ आडवा पाइप नेणार होतो. मग ओसरीला वायर कशी न्यायची?

लिंटेल
भिंत न फोडता. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून किंवा जुना झरोका असेल तर त्यातून पार व्हा. पुढे केसिंग-कॅपिंगची पट्टी किंवा पाइप तुळईच्या कडेने, दर २ फुटांवर सॅडल (पाइप धरून ठेवणारी पट्टी). तुळईत स्क्रू लहान वापरा आणि आधी लाकूड टोचून पाहा, वाळवीने आतून पोखरलेलं असेल तर स्क्रू फिरतच राहतो. माळवदातून वरून भोक पाडून वायर उतरवायचा विचारही नको. पांढरी माती एकदा भोकाशी फुटली की दर पावसाळ्यात तिथूनच गळणार. आणि वायर उघडी सोडू नका, माळवदात उंदीर असतातच.

ओहमचा_भाचा
३५ मीटरला अडीचचा रोध ०.५६ ओहम, म्हणजे ८ ओहमच्या ७ टक्के. माझ्याच ५ टक्क्यांच्या नियमाबाहेर, पण तोटा ०.६ डेसिबल. भजनाला, ओसरीत, सकाळी सहाला... अडीच पुरे. नियमातच बसायचं असेल तर चार घ्या, ०.३५ येतो.

ओसरीचे स्पीकर हॉलच्या स्पीकरच्याच टर्मिनलला जोडू नका. ८ आणि ८ समांतर म्हणजे ४ ओहम, आणि बऱ्याच ॲम्पवर किमान ६ लिहिलेलं असतं. गरम होऊन बंद पडतो, नाहीतर उडतो. ॲम्पला झोन-२ (दुसऱ्या खोलीसाठी वेगळं आउटपुट) असेल तर तिथून, नसेल तर ओसरीत छोटा वेगळा ॲम्प.

गोदाकाठ_एव्ही
मी वेगळा ॲम्पच म्हणेन. आईंना सकाळी भजन लावायला हॉलमधला टीव्ही, ॲम्प, झोन-२ आणि दोन रिमोट कशाला? देवघराशेजारी ब्लूटूथचा छोटा ॲम्प आणि दोन स्पीकर, वायर ३-३ मीटर. हॉल ते ओसरी पट्टीत एक कॅट-६ (नेटवर्कची केबल) टाकून ठेवा, पुढे लागलीच तर.

मंगल कार्यालयात किंवा मंदिरात ८-१० स्पीकर लांबवर लावतात ते १०० व्होल्ट लाइनवर असतात, प्रत्येक स्पीकरला ट्रान्सफॉर्मर. २० वॅटच्या स्पीकरला ०.२ अँपिअरच लागतो म्हणून बारीक वायर चालते. ती पद्धत घरात दोन स्पीकरसाठी नको, आणि ते १०० व्होल्ट हाताला चांगलेच जाणवतात.

दुधनाकाठ
हे बरं झालं. ओसरीला बिनवायरचंच ठरलं म्हणायचं शेवटी :)

जुना_वायरमन
आता पाइप. इथेच सगळ्यात जास्त कामं बिघडतात, म्हणून सविस्तर.

पाइप मीडियम जाडीचा घ्या, हलका नको. हलका पाइप गिलाव्याच्या वेळी थापीच्या दाबाने चपटा होतो आणि वायर ओढताना कळतं. ३ मीटरच्या नळ्या येतात. तुमचा हिशोब : सराउंड दोन, दहा-दहा मीटर, छताचे दोन, सात-सात, पुढचे मिळून सहा. एकूण ४० मीटर म्हणजे १४ नळ्या, १६ आणा. त्यातल्या दोन २० मिमीच्या, उजव्या भिंतीतल्या उतरणीसाठी.

वळणाला कोपर वापरू नका. लाँग बेंड वापरा, नाहीतर पाइपात स्प्रिंग घालून हाताने वळवा. दोन बॉक्सांच्या मध्ये दोनच ९० अंशांची वळणं. तिसरं आलं की तिथे जंक्शन बॉक्स. तुमच्या सराउंडच्या मार्गावर तीन वळणं आहेत (वर गेल्यावर, मागे वळताना, खाली उतरताना), म्हणून छताच्या कोपऱ्यात एक डीप बॉक्स द्या. फॉल्स सिलिंगमध्ये त्याच्याखाली उघडता येणारी झडप ठेवा, नाहीतर बॉक्स असून नसल्यासारखा.

सांधे सोल्युशन लावूनच जोडा. कोरडे ढकललेले सांधे गिलाव्यात सुटतात, सिमेंटचं पाणी आत जातं आणि आत दगड तयार होतो. बॉक्समधली उघडी तोंडं कागदाच्या बोळ्याने बंद करा, गवंडी घरी गेल्यावर नाही, तो यायच्या आधी.

झिरीत पाइप खिळ्यांनी आणि बाइंडिंग वायरने घट्ट धरा, दर दीड-दोन फुटांवर. झिरी ओली करून १ ला ४ चा माल दाबून भरा. त्यावर ६ इंच रुंद कोंबडी जाळी, झिरीच्या दोन्ही बाजूंना सारखी. मग गिलावा. भरलेल्या झिरीला तीन दिवस तरी पाणी मारा, आपल्याकडे उन्हाळ्यात दिवसातून तीन वेळा. जाळी टाळली किंवा पाणी टाळलं की रंग दिल्यावर बरोबर पाइपाच्या रेषेवर केसाएवढी तडा येते आणि पुट्टीने ती कधीच मिटत नाही.

सगळे पाइप बॉक्सपासून सरळ वर किंवा सरळ खाली. तिरपा पाइप म्हणजे नंतर कुणाच्या तरी फोटोच्या खिळ्याखाली येणार.

लिंटेल
काळ्या मातीवरच्या घराला अजून एक. पाया पावसाळ्यात उचलतो, उन्हाळ्यात बसतो, आणि दारांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा दरवर्षी उघड-मीट करतात. अशी जुनी भेग दिसत असेल तर तिच्या आरपार पाइप नेऊ नका. न्यावाच लागला तर त्या ठिकाणी वीतभर लवचीक पाइपाचा तुकडा द्या आणि आत वायर किंचित सैल.

गोदाकाठ_एव्ही
फॉल्स सिलिंगच्या वर वायर जिप्समवर नुसती टाकून देऊ नका. पाइपातून न्या, स्लॅबला सॅडलने धरा. उंदरांचा विषय वर झालाच आहे. एलईडी पट्ट्यांचे ड्रायव्हर तिथेच वर ठेवतात, सबच्या केबलपासून ते फूटभर लांब ठेवा.

टीव्ही ते ॲम्प आणि ॲम्प ते हॉलची मागची भिंत असा ४० मिमीचा एकेक पाइप टाका. एचडीएमआयचं डोकं २० मिमी रुंद असतं, २५ च्या पाइपात वळणावर अडकतं. पुढे प्रोजेक्टर आला तर लांब अंतराला ऑप्टिकल एचडीएमआय लागेल, साधी तांब्याची केबल ४के ला ५ मीटरपुढे भरवशाची नाही. ऑप्टिकलला दिशा असते, एक टोक 'सोर्स', एक 'डिस्प्ले'. उलटं ओढलं तर चित्रच येत नाही आणि सगळी केबल परत काढावी लागते.

मांजराकाठ
वायर गिलाव्याच्या आधी घालू की नंतर?

जुना_वायरमन
नंतर. गिलावा वाळल्यावर, रंगाच्या आधी. आत्ता पाइपात फक्त नायलॉनची दोरी सोडा. लोखंडी तार सोडून ठेवतात, ती आत गंजून चिकटते.

दोरी कशी घालायची ते विचारणार, म्हणून सांगतो. प्लॅस्टिक पिशवीचा सैल बोळा दोरीला बांधा, एका टोकाला घाला, दुसऱ्या टोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावा. वळणं असली तरी सेकंदात बाहेर येते. व्हॅक्यूम नसेल तर स्प्रिंग आहेच. दोरी आली म्हणजे पाइप मोकळा हेही कळलं. गिलाव्याच्या दुसऱ्या दिवशी दोरी मागेपुढे ओढून बघा. अडकत असेल तर माल कच्चा असतानाच झिरी उघडता येते.

ओढताना वायरीला शंखजिऱ्याची पावडर चोळा. तेल-ग्रीस नको, पीव्हीसीला ते खातं. दोन्ही कोर दोरीला बांधताना एक पुढे एक मागे अशी टोकं ठेवा आणि टेप निमुळता मारा. एकाने ढकलायचं, एकाने ओढायचं. दोघांनी ओढायचं नाही. भिंतीच्या आत जोड चालणार नाही, तुकडा कमी पडला तर नवा घाला.

ओहमचा_भाचा
ओढून झाल्यावर, प्लेट बसवण्याआधी तपासणी. दोन्ही टोकं सुटी ठेवून मीटर लावा, काहीही दाखवू नये. मग लांबचं टोक पिळून मोजा : १२ मीटर अडीचला ०.१९ ओहम, म्हणजे मीटरच्या स्वतःच्या वायरी वजा केल्यावर जवळजवळ शून्य. १ ओहमच्या वर आलं तर तारा तुटल्यात किंवा कुठे तरी कुणीतरी गुपचूप जोड दिलाय.

स्पीकर जोडल्यावर ॲम्पकडून मोजलं तर ८ ओहमचा स्पीकर ६-७ दाखवतो. ते बरोबर आहे, पाटीवरचे ८ हे इम्पीडन्स असतात, मीटर डीसी रोध मोजतो.

पोलॅरिटी (अधिक-उणे बरोबर आहे का) तपासायला दीड व्होल्टचा सेल. ॲम्पच्या टोकाला क्षणभर टेकवा, सेलचा अधिक स्पीकरच्या लालवर असेल तर वूफरचा पडदा बाहेर येतो. आत गेला तर कुठे तरी उलटलंय. एक स्पीकर उलटा राहिला तर आवाज येतो, पण बास गायब होतो आणि मधोमध ऐकू यायला हवा तो गायक कुठेच सापडत नाही.

टोकांना डाग देऊन स्क्रूखाली दाबू नका. कथील दाबाखाली हळूहळू पसरतं, स्क्रू सैल होतो. फेरूल (तारांच्या टोकावर दाबायची धातूची बारीक नळी) दाबून घ्या किंवा बनाना पिन लावा.

मांजराकाठ
मॉड्युलर प्लेटमध्ये स्पीकरचं सॉकेट आमच्या दुकानात नाही. ब्लँक प्लेट आहे फक्त.

गोदाकाठ_एव्ही
ब्लँक प्लेटला दोन भोकं पाडा आणि बाइंडिंग पोस्टची (वायर किंवा बनाना पिन लावायच्या टर्मिनलची) जोडी बसवा. त्यांच्या मधलं अंतर १९ मिमी ठेवा, जोड-बनाना पिन त्याच मापाची असते. भोक पोस्टच्या आट्याप्रमाणे, आधी टाकाऊ प्लेटवर करून बघा. प्लेटमागे दीड फूट वायर गुंडाळून ठेवा, स्पीकरच्या बाजूला ३ फूट. सराउंडची प्लेट स्पीकरच्या नेमकी मागे नको, ब्रॅकेटचे स्क्रू तिथेच येतात. हातभर खाली घ्या.

छताच्या स्पीकरला आत्ता फक्त पाइप आणि दोरी सोडा, ९ मीटरच्या दोन वायरी नंतर. सिलिंगची ६ इंच पोकळी बहुतेक स्पीकरला पुरते, पण तिथे जिप्समची आडवी पट्टी येणार नाही हे सिलिंगवाल्याला जागा खुणावून सांगा.

मांजराकाठ
यादी केली : अडीच दोन कोर ९० मीटर, पाइप २५ च्या १४ नि २० च्या २, पुढून-मागून ४० चे वेगळे, लाँग बेंड १२, डीप बॉक्स २, कोंबडी जाळी, शंखजिरं, नायलॉन दोरी. ओसरी वेगळी. सोमवारी कटर येतंय.

जुना_वायरमन
बेंड १६ आणा, दोन-चार फुटतातच. आणि झिरी भरायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, मोजपट्टी भिंतीला लावून, एक फरशीपासूनच्या उंचीचा आणि एक कोपऱ्यापासूनच्या अंतराचा. मोबाइलवर ठेवलेले सापडत नाहीत, छापून मीटर बोर्डाच्या दाराला आतून चिकटवा.